जुन्या बुलेटचा हेडलाइट आणि रात्रीचा रस्ता

नवा बल्ब आणायला निघाला असाल तर आधी जरा थांबा. जुन्या गाडीचा हेडलाइट मिणमिणायला लागला की खापर बल्बवर फुटतं. बल्ब बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. बॅटरीतून निघालेले व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. वाटेत गंजलेला स्विच, सैल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक), रंगाखाली दडलेला अर्थ (करंट बॅटरीकडे परत जायची जोडणी) असे सगळे जण आपापला वाटा काढून घेतात आणि उरलंसुरलं बल्बला मिळतं.

मी जनावरांची डॉक्टर. शिरोळ तालुक्यात प्रॅक्टिस करते आणि वडिलांनी 1982 साली घेतलेली कास्ट आयर्नची बुलेट 350 चालवते. गाय अडली की फोन हमखास रात्री येतो. चारचाकी दारात आहे, पण मळ्यातल्या वस्तीकडे जाणाऱ्या पाणंदीत ती अडकली की मग ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं. त्यामुळे रात्रीची गाडी म्हणजे बुलेटच. गाडी मुळात 6 व्होल्टची होती, नंतर 12 व्होल्टची करून घेतली. पुढे लिहिलेलं दोन्ही प्रकारांना लागू आहे. 6 व्होल्टवाल्यांनी फक्त दुप्पट कडक राहायचं.

दुप्पट का, तर 6 व्होल्टचा 30 वॅटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो आणि 12 व्होल्टचा 60 वॅटचा बल्बही 5 अँपिअरच ओढतो. वाटेत कुठे 0.1 ओहमचा अडथळा असला, म्हणजे एखादा काळा पडलेला कॉन्टॅक्ट, तर दोन्हीकडे अर्धा व्होल्ट गळतो. बारातून अर्धा गेला तर चालून जातं. सहातून गेला की उजेडाचा चौथा हिस्सा गेला. फिलामेंटच्या बल्बचं हेच वाईट आहे. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड दहा टक्के नाही, तीसेक टक्के घसरतो.

आता बाजारात सगळे ज्याच्या मागे असतात तो एच-4 हॅलोजन घ्या, 60/55 वॅटचा, म्हणजे अप्परला 60 आणि डिपरला 55. पूर्ण 13.2 व्होल्ट मिळाले तर डिपरला तो 1000 ल्युमेनच्या आसपास देतो. जुना साधा 45/40 चा बल्ब तेवढ्याच व्होल्टवर 675 च्या आसपास देतो. पण एच-4 ला 13.2 ऐवजी 12 च व्होल्ट मिळाले, तर तो सातशेच्या घरात येतो. म्हणजे पैसे नव्या बल्बचे, करंटचा भार नव्या बल्बचा आणि उजेड जुन्या बल्बचा. म्हणून आधी वायरिंग, मग बल्ब.

व्होल्ट कुठे गळतात ते शोधणं

साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी चालू करून थोडा रेस द्या, हेडलाइट लावा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. 12 व्होल्टच्या निरोगी गाडीत 13.5 ते 14.4 च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. महिन्या-दोन महिन्यांनी बल्ब उडत असतील तर कारण तेच, आणि बॅटरीचं पाणीही भराभर आटत असणार.

नंतर हेडलाइटची रिम काढून बल्बच्या होल्डरवर मोजा. बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच मोजायचं. होल्डर काढून मोकळ्या पिनवर मीटर लावलं तर सगळं ठणठणीत दिसतं, कारण करंटच वाहत नसतो. गॅरेजमध्ये ‘वायरिंग ओके आहे, मॅडम’ असं सांगतात तेव्हा बऱ्याचदा असंच मोजलेलं असतं.

बॅटरी आणि होल्डर यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर चोर दोनपैकी एका वाटेवर आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या अर्थवर लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. जो दिसेल तेवढे व्होल्ट अर्थमध्ये जातायत. मग एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या पेटलेल्या पिनवर. तो आकडा म्हणजे स्विच, फ्यूज आणि वायर यांच्यातली गळती. दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्या दिवसाची उचकपाचक वाचते. जुन्या काही गाड्यांत बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला असतो, म्हणून सुरुवातीलाच बघून घ्या आणि त्याप्रमाणे उलट वाचा.

बुलेटमध्ये अर्थची वाट फार नवलाची आहे. बल्बचा अर्थ डूमला (हेडलाइट ज्यात बसतो ते पुढचं कवच), डूमचा फोर्कला आणि फोर्कचा अर्थ कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या, छऱ्यांमधून चासीला. छरे ग्रीसमध्ये बुडालेले. हँडल वळवलं की हेडलाइट क्षणभर कमीजास्त होतो ना, तो यामुळे. त्यात कोणी हौसेनं गाडी रिस्टोअर करून डूमला, ब्रॅकेटला सगळीकडे पावडर कोटिंग मारलं असेल तर संपलंच. रंगातून करंट जात नाही. शोरूमसारखी चकाचक झालेली गाडी आधीपेक्षा मंद उजेड देते आणि मालक चक्रावतो.

उपाय स्वस्त आहे. दीड स्क्वेअर एमएमची काळी वायर बल्बच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या चासीकडच्या टर्मिनलपर्यंत ओढा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायरला ताण येता कामा नये. हँडलपाशी थोडा ढिला झोल ठेवा. टोकांना थिंबल दाबून बसवा. वायर नुसती पिळून टेप मारली तर बुलेटच्या थरथरीत ती पावसाळाभरही टिकणार नाही.

दुसरा चोर डिपरचा स्विच. डाव्या अंगठ्याखाली असतो, पाऊस-धूळ सगळं त्याच्यावर. उघडताना खाली पांढरं फडकं अंथरा, कारण आतली बारीक स्प्रिंग एकदा उडाली की अंगणातल्या फुफाट्यात सापडत नाही. तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले दिसतील. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलके घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाटलं तर व्हॅसलिनचा पुसट हात. ग्रीस भरू नका, त्यात धूळ चिकटून पुन्हा तेच होतं.

पण खरं सांगायचं तर चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून 5 अँपिअर न्यायचेच कशाला? दोन रिले (करंटच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) लावा, एक अप्परला, एक डिपरला. स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा. स्विचकडून येणारी जुनी वायर रिलेच्या 86 नंबरच्या पिनला, 85 अर्थला, बॅटरीपासून फ्यूजमधून आलेली जाड वायर 30 ला आणि 87 मधून बल्बकडे. फ्यूज 10 अँपिअरचा, बॅटरीच्या शक्य तितका जवळ. रिले डूममध्ये कोंबण्यापेक्षा टाकीखाली चासीला बांधले तर पाण्यापासूनही वाचतात. मूळ वायरिंगला कात्री लावावी लागत नाही, त्यामुळे ‘ओरिजिनल’च्या भक्तांनाही हरकत नसावी.

बल्ब, रिफ्लेक्टर, काच

माझ्या गाडीला सध्या 60/55 चा एच-4 आहे, कारण 12 व्होल्ट करताना घातलेली, करंट बनवणारी नवी कॉइल तेवढा भार पेलते. तुमची पेलते का, हे डूमवरचा अँपमीटर सांगेल. रात्री हेडलाइट लावून तीस-चाळीसच्या वेगानं टॉप गिअरमध्ये जा. गाडी उभी असताना काटा मायनसकडे झुकणारच, पण या वेगाला तो मध्यावर किंवा किंचित प्लसकडे आला पाहिजे. मायनसमध्येच रेंगाळत असेल तर तुम्ही बॅटरी खात चालला आहात. पॉइंट-कॉइलच्या बुलेटला ठिणगीही त्याच बॅटरीतून मिळते, म्हणजे हेडलाइट मरेल तेव्हा इंजिनही मरायला टेकलेलं असेल. अशा गाडीला 45/40 चा साधा बल्बच ठेवा आणि त्याला पूर्ण व्होल्ट द्या. 35/35 चा हॅलोजन करंट वाचवतो, पण त्याच्याकडून जादा उजेडाची आशा धरू नका.

साध्या बल्बची काच हळूहळू आतून काळपट होते. फिलामेंटमधलं टंगस्टन तापून उडतं आणि काचेवर बसतं. बल्ब चालू असला तरी अशी काच दिसली की बदला. हॅलोजनमध्ये आतला वायू ते टंगस्टन परत फिलामेंटवर नेतो, म्हणून त्याची काच स्वच्छ राहते. मात्र त्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तापून काच तिथेच तडकते. हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

रिफ्लेक्टरला तर अजिबात हात लावू नका. आतला चंदेरी थर केसाहून पातळ असतो. फडक्यानं, ब्रासोनं, कोलगेटनं (हो, असाही सल्ला देणारे आहेत) घासलं की थर गेला. धूळ असेल तर नुसती फुंकून उडवायची. थर पिवळा पडला असेल किंवा गंजाचे टिपके आले असतील तर सात इंची नवं युनिट घ्या. घेताना एक गोष्ट तपासा: भिंतीवर डिपरचा उजेड टाकल्यावर त्याची वर उचललेली बाजू डावीकडे हवी. उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांसाठी बनलेली युनिटंही इथे विकली जातात. त्यांचा उजेड उजवीकडे उचलतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. रिमखालचं रबर कडक झालं असेल तर बदला, आणि डूममध्ये वायर जातात त्या भोकांची ग्रोमेट बघा. रबर नसेल तर थरथरीनं युनिट खडखडतं आणि फिलामेंट लवकर तुटतं.

हॅलोजनच्या युनिटमध्ये एलईडीचा बल्ब घालू नका. रिफ्लेक्टरचा आकार एका ठरावीक जागी असलेल्या बारीक फिलामेंटसाठी बेतलेला असतो. एलईडीच्या पट्ट्या त्या जागी, त्या आकारात नसतात. पुढ्यात पांढरंफेक दिसतं म्हणून आपण खूश, पण उजेड लांब जात नाही आणि समोरचा आंधळा होतो. लावायचाच असेल तर संपूर्ण युनिटच एलईडीचं घ्या.

उजेड कुठे पडतो

हे काम मी आमच्या दूध संस्थेच्या पांढऱ्या भिंतीसमोर करते. पुढे सपाट काँक्रीट आहे आणि संध्याकाळचं संकलन संपलं की जागा मोकळी असते. दोन्ही टायरमध्ये हवा बरोबर हवी. गाडी स्टँडवरून काढायची, नेहमी बसतो तसं बसायचं आणि भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी करायची. दुसऱ्या माणसानं हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारायची. माझ्या गाडीत ती 90 सेंटीमीटरच्या आसपास येते. डिपरची वरची कड त्या रेघेच्या 15 सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. दहा मीटरला 15 सेंटीमीटर उतार म्हणजे 90 सेंटीमीटर उंचीचा उजेड 60 मीटरवर जमिनीला टेकतो. रिमचा स्क्रू थोडा सैल करून युनिट वर-खाली करा, जमलं की आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना हमखास सरकतं.

मागे माणूस बसतो तेव्हा हे सगळं बिघडतं. बुलेटचा व्हीलबेस 137 सेंटीमीटर. मागची बाजू जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर दबली की तो पंधराचा उतार साफ जातो आणि डिपर असूनही समोरचे लोक अप्पर-डिपर मारून शिव्या घालतात. माझ्या मागे औषधांची पेटी आणि कधीकधी कंपाउंडर असतो, म्हणून मी शॉकॲब्झॉर्बर एक खाच कडक करूनच सेटिंग करते.

आणि मग रस्ता

साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. काहीतरी दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर गेले. ड्रम ब्रेकवर कोरड्या रस्त्यात थांबायला आणखी 35. झाले 60. तुमचा डिपर, सगळं नीट असेल तर, तेवढाच पोचतो. शेवटच्या टप्प्यात तर नुसता अंदाज येईल एवढाच. म्हणून डिपरवर माझा वेग पन्नासच्या खाली असतो, ओल्या रस्त्यावर चाळीसच्या. ऐंशीला हाच हिशोब पंच्याण्णव मीटरच्या आसपास जातो. ऐंशीनं जायचं तर रस्ता मोकळा आणि अप्पर लागलेला हवा.

आमच्याकडे रात्रीचा खरा धोका ऊसाच्या हंगामात, दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत. बैलगाड्यांची रांग, एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागे हातभर बाहेर आलेले ऊस. ट्रॉलीला रेडियम लावलेलं असतं, पण ते धुळीनं माखतं किंवा ऊसाखाली झाकलं जातं. समोरून एकच दिवा आला तर ती मोटरसायकलच आहे असं धरू नका. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असू शकतो, आणि त्याची ट्रॉली दिव्यापेक्षा बरीच त्याच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, आलेली असते. एकटा दिवा दिसला की मी डावीकडे सरकते.

जनावरांबद्दल मात्र मी थोडं जास्त बोलणार. गाय, बैल, कुत्रं, मांजर, कोल्हा यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चमकदार थर असतो. तो उजेड आला त्याच वाटेनं परत फेकतो. बुलेटवर तुमचे डोळे हेडलाइटच्या बरोबर वर असतात, म्हणून ही चमक दुरून, जनावराचं अंग दिसण्याच्या कितीतरी आधी दिसते. रस्त्याकडेला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर हिरवट-निळसर ठिपके दिसले तर गुरं. गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसले तर कुत्रं किंवा कोल्हा. पण ही चमक जनावरानं तुमच्याकडे बघितलं तरच. पाठ करून उभी असलेली म्हैस म्हणजे काळ्या डांबरावर काळं कातडं. तिथे तुमचा वेगच कामाला येतो. आणि डुकराच्या डोळ्यात हा थर नसतोच. रानडुक्कर तुमच्याकडे रोखून बघत असलं तरी डोळे चमकत नाहीत. ऊसाच्या फडाला लागून जाणाऱ्या रस्त्यावर ‘डोळे दिसले नाहीत म्हणजे काही नाही’ हा हिशोब सोडून द्या.

वागणंही प्रत्येकाचं वेगळं. उजेडात सापडलेली गाय बहुधा थबकते. तिच्यावर हॉर्न वाजवत बसू नका, ती बिथरून कुठेही वळते. डिपर करा, वेग उतरवा, तिच्या शेपटीच्या बाजूनं निघा. गुरं पुढे जातात, मागे फार क्वचित सरकतात. कुत्रं मात्र अर्ध्यातून उलट फिरतं, त्याला दोन्हीकडून जागा ठेवा. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की ॲक्सिलरेटर पिळू नका. मागे वासरू असतं.

समोरून अप्पर लावून ट्रक आला तर त्याच्या दिव्यांकडे बघायचं नाही. नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर टाका, पट्टी नसेल तर डांबराच्या कडेवर, आणि तो शेजारून जायच्या आधीच वेग कमी करा. ट्रक गेल्यावर काही सेकंद काहीच दिसत नसतं. वय वाढतं तसे हे सेकंदही वाढतात. बदला म्हणून आपणही अप्पर लावला तर अरुंद रस्त्यावर दोन आंधळे समोरासमोर. हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे असतील तर प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ दिसते. ती काच दरवर्षी बदलावी, हेडलाइटच्या खर्चापुढे ती काहीच नाही. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे उजेड आणखी कमी करतात, मी वापरत नाही. नृसिंहवाडीच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे नदीवरून धुकं येतं, तिथे अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर, तीसचा वेग, आणि मागचा दिवा चालू आहे ना, हे घरून निघतानाच बघायचं.

टूलबॉक्समध्ये कापसात गुंडाळलेला जादा बल्ब, दोन फ्यूज, हातभर वायर, टेप आणि स्क्रूड्रायव्हर. डोक्याला बांधायची बॅटरी माझ्याकडे प्रसूतीसाठी असतेच, तीच बल्ब बदलायला उपयोगी पडते. वाटेत फक्त डिपरचं फिलामेंट गेलं आणि जादा बल्ब नसेल, तर रिम सैल करून युनिट खाली झुकवा आणि अप्परवर हळू घरी या. दोन्ही गेली असतील तर आधी फ्यूज, मग होल्डर दाबून बघणं, मग अर्थ. तरीही अंधारच असेल तर डूमवरचे दोन छोटे दिवे लावून गाडी ढकलत जवळच्या वस्तीवर न्या आणि तिथेच ठेवा. नुसत्या त्या दोन दिव्यांवर चालवू नका. ते तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून आहेत, तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाहीत. मी अशा वेळी गायवाल्याला फोन करते. ज्याची गाय अडली आहे तो माणूस न्यायला यायला दहा मिनिटंसुद्धा लावत नाही, आणि त्याच्या गाडीचा हेडलाइट कसा आहे ते मी मागे बसल्या बसल्या बघून घेते.